रुमालाखालची प्रश्नावली

"तीस फॉर्म ना, मॅडम? आठवड्यात आणते," असं सुवर्णानं इतक्या ऐटीत सांगितलं, जणू गोदाकाठच्या बाजारातून मेथीच्या तीस जुड्याच आणायच्या होत्या.

आणायचं होतं भलतंच. इंटरनेटवरच्या अश्लील साइटचं व्यसन माणसाला किती लागलंय, हे मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली! प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे सतत. सुवर्णाचं मानसशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. खरी उत्तरं असलेले तीस फॉर्म सोमवारी मॅडमच्या टेबलावर पडले नाहीत, तर ते वर्ष गेलंच.

पंचवटीतल्या ललितच्या सायबर कॅफेत ती पाच दिवस ठाण मांडून बसली. बाप्ये फॉर्म हातात घेत, पहिला प्रश्न वाचत आणि गॅसवर दूध ठेवून आल्यासारखे पळत.

"ताई, आता बास," ललितनं हात जोडले. "तू दिसलीस की माझी गिऱ्हाइकं रेल्वेचं टाइमटेबल उघडून बसतात."

शनिवारी रात्रीच्या जेवणाला जयराममामा आले. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. भाचीचा रडवेला चेहरा बघून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावरचा मोठा रुमाल झटकला.

"सुवर्णे, माणूस तोंडानं खरं बोलत नाय, अन् कागदावर तर नायच नाय. बोटानं बोलतो. बैलाचा भाव आम्ही असाच ठरवतो. वर रुमाल, खाली बोटं दाबायची. शेजारी उभा असतो त्याला पत्ता लागत नाय."

सुवर्णाला वाटलं, एवढी अक्कल आपल्या विद्यापीठात कुणाला नाही.

रविवारी सकाळी कॅफेच्या दारात मामांनी बाकडं टाकलं. गिऱ्हाइकानं प्रश्न मनात वाचायचा, रुमालाखाली बोटं दाबायची, मामा फॉर्मवर आकडा लिहिणार. नाव नाही, गाव नाही. सुवर्णा आत भिंतीकडे तोंड करून बसली. दुपारपर्यंत रांग रसवंतीपर्यंत गेली; गल्लीतले म्हातारे लहानूआजोबाही काठी टेकत तिच्यात उभे होते. पोटात दुखणारी माणसं डॉक्टरपुढे मोकळी होतात, तसे चेहरे घेऊन एकेक जण उठत होता. पाच वाजता तीस फॉर्म पुरे!

घरी येऊन तिनं बेरीज मांडली. पहिला फॉर्म साठ. दुसरा साठ. दहाव्या साठाला तिचं पेन थांबलं, तिसाव्याला ती गठ्ठा घेऊन मामांपुढे उभी राहिली.

"मामा, सगळे साठ कसे?"

"वीस प्रश्न, दर प्रश्नाला तीन. झाले की साठ."

"सगळ्यांनी तीनच बोटं दाबली?"

"छ्या! कुणी एक दाबायचा, कुणी पाच. पण पहिला भाव कुणी धरतं का? एकवाल्याला वर ओढला, पाचवाल्याला खाली आणला. दिवसभरात एक सौदा मोडू दिला नाय बघ."

"आणि लहानूआजोबा? त्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही."

"त्याला वाटलं बैल विकायचाय. लय चिवट म्हातारा. पण आला तीनावर."

सोमवारी सुवर्णानं फॉर्मांचा गठ्ठा मॅडमपुढे ठेवला आणि एका दमात खरं ते सांगून टाकलं. मॅडम आधी गंभीर होत्या. लहानूआजोबांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"खोटे आकडे गुपचूप दिले नाहीस, हे बरं केलंस. पुन्हा कर सगळं. किती दिवस हवेत?"

सुवर्णाला तोंडानं सांगायचा धीर होईना. मॅडमनी डोळे पुसलेला रुमाल शांतपणे स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. सुवर्णानं पाच आठवड्यांची पाच बोटं दाबली. मॅडमनी एक दाबलं. मग चार, मग दोन...

ती घरी आल्या आल्या मामांनी विचारलं, "काय म्हणाली तुझी मॅडम?"

"तीन आठवडे दिले."

"तीन ना?" मामांनी रुमाल खांद्यावर टाकला. "मग मी काय चुकीचं लिहिलं होतं?"