स्टॉप नसलेल्या जागी

आमचे शेजारी परबकाका रिक्षासुद्धा बसस्टॉपवरच थांबवतात. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या दारावरून रिक्षा पुढे जाते, काका स्टॉपवर उतरतात आणि पिशव्या सांभाळत तेवढंच मागे चालत येतात. "काका, दारातच उतरायचं ना," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हय स्टॉप नाय."

सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. अजून लिफ्टमध्ये दाराशी उभे राहून "पुढे सरका, पुढे सरका" करतात. लिफ्टमध्ये आपण एकटेच असलो तरी.

गेल्या मे महिन्यात पूर्वी काकांबरोबर बस चालवणाऱ्या साकीनाक्याच्या इक्बालभाईंनी त्यांच्या गॅरेजात एक जुनी बस हौसेने दुरुस्त करून उभी केली. अगदी तशीच, काकांच्या उमेदवारीतली. लाकडी पट्ट्यांची बाकं, पितळी दांडे, धरायला चामड्याचे पट्टे आणि छताखालून लांबच लांब गेलेली घंटीची दोरी. पहिल्या फेरीला त्यांनी काकांना बोलावलं. काका मलाही घेऊन गेले. "पॅसेंजर नको काय गो एक तरी?"

रविवारी दुपारी आम्ही निघालो. इक्बालभाई स्टिअरिंगवर, काका दाराशी आणि अख्ख्या बसमध्ये मी एकटी. काकांनी मला तीनदा पुढे सरकवलं.

असल्फ्याची चढण लागली तेव्हा माझं लक्ष वर गेलं. चामड्याचे सगळे पट्टे हलत होते. दाराजवळचा एक मात्र हलत नव्हता. कोणीतरी धरून ठेवल्यासारखा ताठ होता.

"काका, तो पट्टा..."

काका त्याच्याकडेच बघत होते. तेवढ्यात घंटी वाजली. एकदाच. म्हणजे थांबा. दोरीला कोणाचाही हात नव्हता.

इक्बालभाईंनी सवयीने ब्रेक मारला. "परबसाब, इधर तो स्टॉप नहीं है."

"थांब जरा," काका म्हणाले. ते खाली उतरले, दाराकडे वळून हात वर केला आणि हळूच म्हणाले, "सावकास गो आजी." त्यांचा हात थोडा खाली दबला, मग सुटला. वर येऊन त्यांनी डबल घंटी दिली. पट्टा इतरांसारखाच हलायला लागला होता.

मग काका पहिल्यांदाच बाकावर बसले, माझ्या शेजारी.

"म्हातारी होती एक," ते म्हणाले. "डोक्यार गाठोडा. हयच उतरव म्हणाली. मी नवीन होतंय, नियम म्हणजे नियम. पुढच्या स्टॉपार नेऊन उतरवलंय. भर उन्हात मागे चलत गेली. दुसऱ्या दिवसापासून रोज बघी होतंय, माफी मागूची होती. परत काय इली नाय."

काकांनी उजवा तळवा माझ्यापुढे केला.

"बघ गो, थंड लागता काय? की माकाच तसा वाटता?"

मी हात लावला. मे महिन्याच्या दुपारी तो तळवा माठाच्या पाण्यासारखा गार होता.

"लागतो काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. घाटकोपर येईपर्यंत मी तो हात दोन्ही हातांत धरून बसले, आणि काकांनी मला पुढे सरक म्हटलं नाही.