पाटीवरच्या दोन रिकाम्या जागा

सोपानअण्णा कुणाच्याही घरी आले की आधी बटणांना भेटतात, मग माणसांना. परवा आमचे व्याही पहिल्यांदाच आले होते. अण्णांनी येताक्षणी त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. "बाहेर एवढं वारं सुटलंय की! वाया हाय हे, वाया!" व्याही घाम पुसत राहिले, मी जमिनीकडे बघत राहिलो.

अण्णा रिटायर्ड वायरमन. उदगीरला आमच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. घरोघरी वाया जाणारी वीज तपासणाऱ्यांना सरकार परवाना देणार, हे कळल्यापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं. परवान्याआधी पाटीच आली: 'शासनमान्य घरगुती वीज-तपासनीस, नोंदणी क्र......., जिल्हा.......'

"अण्णा, लातूर लिहा की!"

"उद्या उदगीरच जिल्हा होणार हाय. पुन्हा पेंटर कोण बोलवंल?"

त्यात दुष्काळाचं वर्ष. टँकर आला की सारी गल्ली घागरी घेऊन धावे, आणि अण्णा उलट्या दिशेनं, रिकाम्या घरांतले पंखे बंद करायला.

अर्जाला एकच अट होती. आधी स्वतःच्या घराची तपासणी करायची आणि त्यावर शेजाऱ्याची सही घ्यायची. सहीला मी गेलो. दारातूनच बाईच्या हसण्याचा आवाज आला. म्हटलं, अण्णांकडे पाहुणे! आत पाहतो तर टीव्हीवर एक बाई वांगी भाजत होती आणि समोर कुणीच नव्हतं. अण्णा मागून, गल्लीतून आले.

"अण्णा, हा चालूच?"

"दिवसभर." पहिल्यांदाच त्यांचा हात बटणाकडे गेला नाही. "तुझी काकू गेली, पोरगी हैद्राबादला. बाहेरून आल्यावर घरात कुणी बोलत असलं, तर चप्पल काढावी वाटती बघ."

मी अर्जावर हात ठेवला. म्हटलं, "हे अर्जात लिहू नका. परवाना जाईल."

"आन् खोटं लिहून शासनमान्य होऊ व्हय?" त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'टीव्ही, दिवसभर, वाया.' मी खाली सही केली. पंधरवड्यात अर्ज नामंजूर होऊन परत आला.

पाटीवरच्या दोन्ही जागा अजून रिकाम्याच आहेत. हल्ली चार वाजता, रणरणत्या उन्हात, आमची बायको ओसरीवरचा बल्ब लावते आणि चहाचं आधण ठेवते. पाच मिनिटांत गल्लीतून आरोळी येते.

"सूनबाई, वाया हाय हे, वाया!"

आणि चप्पल काढून अण्णा आत येतात.