बारावर थांबलेली बियर

आमच्या पिंपातलं यीस्ट पंगतीला बसतं आणि नीट आग्रह केल्याशिवाय पानावरून उठत नाही.

जवाच्या रसातली साखर हे त्याचं जेवण. कुणी विचारलंच नाही, तर ते सगळी साखर संपवतं आणि बियर बेचव, कोरडी ठाक होते. रीतसर तीनदा आग्रह केला तर त्याला संकोच वाटतो. ते "पुरे, पुरे" म्हणतं आणि तळाशी जाऊन झोपतं. मागे उरते ती गोडी आपली.

वसईला आमच्या घरी हे काम सासरे करतात. त्यांना आम्ही बा म्हणतो. यंदा नणंद फिलोमिनाच्या लग्नाची बियर लावून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. जाताना मला म्हणाले, "साखर मोजायची तरंगती काच बारावर आली की यीस्टला उठव. बाराच्या खाली गेली, तर व्याही एक घोट घेऊन ग्लास ठेवतील. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

आग्रह मला येतो असं मला वाटत होतं. दहा महिन्यांच्या जेनेटला मी दिवसभर तेच करते. चमचा पाहिला की ती तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे, पण मला तिची मनगटं रोज बारीक दिसतात.

चौथ्या दिवशी काच वीसवर होती. बारापर्यंत थांबायला धीर निघेना, म्हणून जेनेटला कडेवर घेऊन मी पिंपापाशी गेले. "घ्या ना. हा घास चिऊचा. माझ्यासाठी एवढा एकच."

यीस्ट गहिवरलं. "इतक्या मायेनं आम्हाला कुणी वाढलं नव्हतं," असं म्हणून ते दुप्पट जेवू लागलं. नळीतून बुडबुड्यांची रांग लागली. दुपारी काच चौदावर.

"आग्रह करतेस की पाया पडतेस?" नवरा, आल्बन, म्हणाला. "त्यापेक्षा बांना फोन कर."

बांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझा जीव अडकलाय हे त्याला कळतं. मग ते कसं उठेल? यजमानीणबाईसारखी बोल. घेतलं तर घेतलं, नाही तर नाही."

फोन ठेवेपर्यंत काच तेरावर आली होती. मी सकाळपासून उपाशी होते. वाडग्यात पेज घेतली, जेनेटला जमिनीवर सोडलं आणि पिंपाकडे पाठ करून जेवायला बसले.

"घ्या हो अजून, भरपूर आहे."

"नको नको."

"संकोच करू नका."

"छे, संकोच कसला? आपलंच घर आहे."

आवाज मी सपाट ठेवला. "मग थोडंसं तरी?"

"पुरे, बाई. पोट भरलं."

नळीत एक बुडबुडा आला. दुसऱ्याची मी वाट पाहिली. आला नाही. उठून काच पाहिली. बारा.

परत वळले, तर जेनेट माझ्या वाडग्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. हनुवटीवर पेज, वाडगा अर्धा रिकामा. "अजून एक" माझ्या अगदी ओठांवर आलं.

"शूऽ," पिंपातून झोपाळलेला आवाज आला.

मी दुसरा वाडगा भरला, तिच्या जवळ ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. दोघांनाही काही विचारलं नाही.