मयत मालकाचा कप

मोडलेली वस्तू ज्याने मोडली त्याच्याच हाती दुरुस्तीला द्यावी, हे राज्यकारभाराचं मूळ तत्त्व आहे. ती कुठून मोडली, आधी कुठला सांधा गेला, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आमचा देश उत्तर-दक्षिणेच्या लढाईत चार वर्षं मोडत होता. मोडण्याचं काम आटोपल्यावर वॉशिंग्टनच्या शहाण्या माणसांनी तो जोडायला काढला आणि सगळ्यात आधी काय केलं, तर मोडणाऱ्यांना शोधून शोधून परत बोलावलं. यात नाव ठेवायला मला तरी जागा दिसत नाही. मी साठी उलटलेली बाई, उत्तरेहून आलेल्या मास्तरीणबाईंच्या शाळेत जेमतेम तीन आठवडे बसले. चौथ्या आठवड्यात त्यांचं अंगण उजाड बघवेना, म्हणून मीच त्यांना रताळी लावायला शिकवत बसले, ते माझं शिक्षण तिथेच राहिलं.

देश जोडण्याचं मुख्य हत्यार म्हणजे शपथ. ज्याने सरकारवर तोफ डागली त्याने सरकारने आमच्या बेटावर बसवलेल्या कॅप्टन पीझली साहेबांच्या टेबलापाशी जायचं, टोपी काढायची, उजवा हात वर करायचा आणि म्हणायचं की इथून पुढे मी देशाशी इमानाने राहीन. हात खाली येईस्तोवर माणूस स्वच्छ. आम्ही चादरी राखेच्या पाण्यात उकळून उकळून काढतो तरी डाग राहतो. शपथेला पाणीसुद्धा लागत नाही. शपथेवर माफी मिळते, आणि माफीवर जुनी मालमत्ता परत: घर, जमीन, गोठा, कापसाची सरकी काढायचं यंत्र. माणसं तेवढी सोडून. (माणसं म्हणजे आम्ही, त्यांचे कालपर्यंतचे गुलाम. आम्हाला परत करता येत नाही असा कायदा झालाय, आणि त्याबद्दल आमच्या जुन्या डेव्हो मालकांनी कॅप्टनसाहेबांकडे खेद व्यक्त केला, असं कानावर आहे.)

ज्याने तोफ डागली नाही त्याला मात्र माफी मिळत नाही. साहजिक आहे. माफ करणार काय?

घोडं अडलं ते माझ्या खाडीकाठच्या दहा एकरांवर. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात एका जनरलसाहेबांनी मालकांच्या पळून गेलेल्या जमिनी आम्हाला वाटून दिल्या. (जमिनी पळाल्या नव्हत्या, मालक पळाले होते, पण कागदात तसंच वाचून दाखवलं.) माझ्या वाट्याला आला तो तुकडा मी आणि माझ्या नवऱ्याने, कफीने, आयुष्यभर दुसऱ्यासाठी नांगरलेला. आता तिथे माझी रताळी आहेत, भेंडी आहे, आणि ओक झाडाखालच्या कोपऱ्यात आमची माणसं आहेत. कफी तिथे आहे. माझी जूबा तिथे आहे, नऊ वर्षांची.

आमच्यात रीत अशी, की मेलेल्याने शेवटी जी वस्तू वापरली ती फोडून त्याच्या मातीवर ठेवायची. कफीच्या मातीवर त्याची चिलीम आहे, जूबाच्या मातीवर औषधाची वाटी. वस्तू अख्खी ठेवली तर साखळी राहते आणि मेलेला घरच्यांना एकेक करून ओढत नेतो. फोडली की साखळी तुटली. शहरातले लोक येतात, म्हणतात, इथे फुटकी भांडी कोणी टाकली? आम्ही म्हणतो, देवाने.

त्याच कोपऱ्यात डेव्हो मालकांचीही कबर आहे. हे नीट सांगायला हवं, कारण डेव्हो मालक जिवंत आहेत.

तोफांच्या दिवशी, म्हणजे उत्तरेची सरकारी जहाजं खाडीत शिरली त्या दिवशी, मालक न्याहारीवरून उठले ते सरळ होडीत. कॉफी कपात अर्धी होती, वाफ येत होती. दुसऱ्या वर्षी बातमी आली की युस्टस डेव्हो व्हर्जिनियाच्या लढाईत पडले. (पडले ते त्यांचे चुलतभाऊ. एका घराण्यात दोघांना एकच नाव ठेवायची हौस, त्याला आम्ही काय करणार?) आता माणूस कसाही असो, त्याची माती व्हायला हवी, नाहीतर तो भटकत राहतो, आणि मालक भटकले असते तर आमच्याच दारी आले असते, दुसरी ओळख कुठे होती त्यांची? गोऱ्यांच्या दफनभूमीत आम्हाला मज्जाव, म्हणून त्यांनाच आमच्यात आणावं लागलं. देह नव्हता, त्यांचा जुना बूट पुरला. माझा धाकटा दीर मिंगो आमच्या प्रार्थनाघराचा मुख्य, त्याने प्रार्थना म्हटली. रडणं जरा कमी पडत होतं, तेव्हा कोणीतरी कांदे आणले. आणि तो कॉफीचा कप, निळ्या काठाचा, मी स्वतः दगडावर फोडला. मन लावून फोडला. मग मांडला.

असा सगळा मान केलेला माणूस लढाई संपल्यानंतरच्या फेब्रुवारीत होडीतून उतरला, खिशात माफी घेऊन, आणि म्हणाला, "बिना, खाडीकाठी या साली कापूस लावायचाय. ते कोपऱ्यातलं भंगार उचलून टाक, नांगर अडेल."

मी म्हटलं, "मालक, त्या भंगारात तुम्हीपण आहात."

त्यांना कळलं नाही. मी कॅप्टनसाहेबांकडे गेले.

कॅप्टन पीझली भला माणूस. उत्तरेत व्हरमाँटकडचा, तिकडे म्हणे दगड पिकतात. तो मला मावशी म्हणतो. (उत्तरेच्या लोकांनी आम्हाला मोकळं केलं आणि लगेच नातं लावलं.) त्याने जनरलसाहेबांचा कागद पाहिला, मालकांचा कागद पाहिला, आणि माझ्याकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघू लागला. त्यावरून मी निकाल ओळखला.

"मावशी, त्यांना माफी मिळालीय. जमीन त्यांची. पेरणीआधी सोडावी लागेल."

"मग मलापण माफी द्या."

"कशाची?"

"बंडाची. मला बंडखोर करून घ्या."

"मावशी, बंड संपलं."

"उशीर झाला खरा. चूल सोडून निघता येत नव्हतं."

कॅप्टनने लेखणी खाली ठेवली. "तुम्ही सरकारविरुद्ध काय केलंत?"

"बंडवाल्यांच्या पलटणीला तीन डुकरं भाजून घातली. चांगली मसाला लावून. ती खाऊनच ते पुढे लढले. माझ्या हातची नसती तर पहिल्याच आठवड्यात शरण आले असते."

"ते तुम्ही मर्जीने नाही केलंत. तुम्हाला करायला लावलं."

"डेव्हो मालकपण तेच सांगतात ना? लोकांनी ओढलं म्हणून गेलो, असं?"

कॅप्टन खोकला. "त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नावावर जमीन होती."

"म्हणजे बंड करायला आधी जमीन लागते."

"असा नियम नाही, मावशी."

"पण अर्थ?"

"अर्थ…" तो पुन्हा खिडकीकडे वळला. "तुम्हाला माफी कशी देऊ? तुम्ही काही वाईट केलेलंच नाही."

"तीच तर माझी अडचण आहे," मी म्हटलं, आणि उठले.

सरकारवर माझा राग नाही. सरकार नियमाने चालतं. आम्हीपण नियमाने चालायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी डेव्हो मालकांनी मजुरीचे करार मांडले. आपल्या ओसरीवर टेबल, शाई, आणि बाजूला एक पिंप गुळाचा पाक, मन वळवायला. बेटावरची सगळी माणसं आली. सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं, टोप्या काढल्या, मयताला काढतात तशा, आणि निघून गेली. त्या आठवड्यात बेटावरच्या झाडून सगळ्या दारांना निळा रंग लागला. निळ्या दारातून भूत आत येत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. पाकाच्या पिंपाशी मुंग्यांनी करार केला.

वाटेत मालक समोरून आले की बायका बाजूला होत आणि पुटपुटत, "शांत निजा, मालक." मालक म्हणत, "मी निजलेलो नाहीये." बायका आणखी घाईने चालत. मेलेला उलट बोलायला लागला म्हणजे प्रकरण वाढलं.

शेवटी कॅप्टनसाहेब स्वतः मिंगोकडे आले. मी तिथेच कालवं फोडत बसले होते.

"मिंगो, हा काय तमाशा? तो माणूस श्वास घेतो."

"साहेब, श्वास वादळपण घेतं."

"जेवतो, चालतो, मला पत्रं लिहितो. दिवसाला दोन."

"मेलेल्याला वेळ असतो, साहेब."

"मी लेखी देतो की डेव्हो जिवंत आहेत. सरकारी शिक्क्यानिशी. मग तर झालं?"

मिंगोने ते नीट ऐकून घेतलं. मिंगो कधी घाई करत नाही. "साहेब, कागदावर तर आमची जमीनपण आमची होती."

कॅप्टन माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही खरंच मानता हे?"

"मी काय मानते ते सोडा. शपथ घेतली की बंडखोर इमानदार होतो, हे तुम्ही मानता ना? मग माती झाली की माणूस मेला, हे आम्ही मानतो. ज्याची त्याची रीत."

मार्च उलटला. खाडीकाठी नांगर लागला नाही, कारण मयताचा नांगर धरणार कोण? मालकांनी स्वतः धरून पाहिला. खेचराने त्यांना ओळखलं नाही. (खेचरावर आमचं काही वजन नाही, ते त्याचं स्वतःचं मत होतं.)

मग एका सकाळी डेव्हो मालक माझ्या दारात आले. निळ्या चौकटीच्या बाहेरच थांबले. दाढी वाढलेली, बाहीचं बटण तुटलेलं. त्यांना एवढं मेलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बिना, जिवंत व्हायला काय करावं लागतं?"

मी मिंगोला बोलावलं. मिंगोने विचार करायला दुपार घेतली आणि निवाडा दिला: जे फोडून साखळी तोडली, ते पुन्हा अख्खं झालं की साखळी जुळली. आणि जोडायचं ते मयतानेच, दुसऱ्या कोणी केलं तर चालत नाही.

तेव्हा सगळ्या बेटादेखत डेव्हो मालक स्वतःच्या कबरीवर गुडघे टेकून बसले आणि कपाचे तुकडे वेचू लागले. पाइनच्या राळेने एकेक तुकडा बसवला. मला म्हणायलाच हवं, हात चांगला होता त्यांचा. लहानपणी काम लावलं असतं तर माणूस उपयोगी पडला असता. दिवस उतरणीला लागला तेव्हा कप उभा राहिला. फक्त कानाजवळ, अंगठ्याच्या नखाएवढा, एक तुकडा नव्हता.

"हा कुठाय?"

"मातीतच असेल, मालक. शोधा."

त्यांनी हाताने माती उकरली. त्या दहा एकरांत त्यांची बोटं पहिल्यांदाच मातीत गेली. बूट सापडला. तुकडा नाही. उकरता उकरता ते शेजारच्या मातीपर्यंत आले, जूबाच्या वाटीपर्यंत, आणि मी उभी राहिले.

"तिथे नाही, मालक."

ते थांबले. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फडक्याच्या गाठीतून तो तुकडा काढून दाखवला. चार वर्षं तिथेच होता. फोडला तेव्हाच ठेवून घेतला होता. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"काय हवंय तुला?" ते म्हणाले.

"हे दहा एकर नांगराबाहेर. रताळ्यांसकट आणि माणसांसकट."

"दिले." आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. सवय.

"हात खाली ठेवा, मालक."

"लिहून देतो मग."

"एक लिहिलेलं आहे माझ्याकडे. जनरलसाहेबांचं." मी तुकडा पुन्हा गाठीत बांधला. "शपथेवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुकडा माझ्याकडे राहू दे. सरकारचंच तत्त्व आहे, मोडणाऱ्याच्या हाती दुरुस्ती. कप मी फोडलाय."

व्यवस्था अशी ठरली. दरवर्षी पेरणीला खाडीकाठी नांगर शिरला नाही, की आम्ही डेव्हो मालकांना त्या सालापुरतं जिवंत धरतो. जिवंतपणाचं नूतनीकरण प्रार्थनाघरात होतं, मिंगो विचारतो, "कोणाची हरकत?" आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी जरा वेळ घेते. एवढा मला हक्क आहे. मग त्यांच्या बाकीच्या रानात कापूस निघतो, मजुरीला माणसं मिळतात, आणि कॅप्टन पीझली वॉशिंग्टनला कळवतो की बेटावर जुने मालक आणि नवे नागरिक यांच्यात पूर्ण समेट झालेला असून जोडणीचं काम समाधानकारक आहे.

समाधानकारक आहेच. डेव्हो मालक रोज सकाळी ओसरीवर त्याच कपातून कॉफी पितात. भोकावर अंगठा दाबून धरतात, पाहुण्याला वाटतं धरायची ढबच तशी. अंगठा भाजतो, ते दुसरीकडे बघत राहतात. पाहुणे म्हणतात, काय सुरेख जुना कप आहे.

तुम्हीही हसलात, हरकत नाही. तुमच्याकडेही काहीतरी मोडलं असेल, कोणीतरी ते जोडून तुमच्या हाती दिलं असेल, आणि तुम्ही त्यातून पीत असाल. सुरेख आहे म्हणत असाल. मी तुम्हाला पाहिलेलं नाही, पण तुमचा अंगठा कुठे आहे ते मला इथून दिसतं. काढून बघा एकदा. आणि मग शोधायला निघालात, तर आधी विचारा की तुमच्या गावात कुणाच्या फडक्याला गाठ आहे.