बिटकीचा केशरी रंग

ईरा, नील,

तुमचे काकाआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर विसूभाऊजी, टाकीतले मासे नुसत्या डोळ्यांनी बघत नसत. टाकीसमोर स्टुलावर बसून, मोबाइल पुढे धरून, त्यात बघत. हे आत्ताच लिहिते, कारण दिवाळीत तुमचे बाबा घर आवरायला रत्नागिरीला येणार आहेत आणि "काकाचं ते वायरींचं भेंडोळं" त्यांनी आधीच टाकायच्या सामानात धरलंय. ते भेंडोळं काय आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं.

टाकी तुमचीच. परदेशी जाताना तुम्ही ती भाऊजींच्या ताब्यात दिलीत. "आजोबा, बिटकी रोज दाखवा हं," म्हणून नील रडला होता. केशरी मोली मासळी, बिटकी आंब्यासारखी लहानखुरी, म्हणून बिटकी.

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुकानातला दिवा कसा पसंत पडणार?

"या उजेडात बिटकी शिळ्या भोपळ्यासारखी दिसते, वहिनी."

"तिची काही तक्रार आहे का?"

"मासा तक्रार करत नाही, म्हणून तर आपण करायची."

हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ कमी पडलं तरी हेच ऐकवत.

मग ॲल्युमिनियमची पट्टी आली. तिच्यावर पांढऱ्या, निळ्या आणि लाल एलईडींच्या माळा. एकाच ॲडॅप्टरवर जोडल्या की लाल माळ जास्त वीज ओढायची, तापायची आणि मरायची. "आपल्याच घराण्यातली दिसते," भाऊजी म्हणाले, "एकटीच सगळं ओढते." शेवटी प्रत्येक माळेला तिचा तिचा, वीज आवरणारा रेझिस्टर लावून त्यांनी सगळ्यांना शिस्तीत आणलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचे डाग पडले, ते अजून आहेत.

दारावर मासळी घेऊन येणारी हलिमाबी टोपली उतरवून आत डोकावायची. "भाऊ, येवढा उजेड केलाव, याचं कालवण तरी व्हईल काय?"

"ही खायची नाही," भाऊजी गंभीरपणे सांगत.

"मंग दिवा कशाला ओ?"

उजेड कमीजास्त करायला त्यांनी बाजारातून रेग्युलेटर आणला. मला सुरेख दिसत होतं. भाऊजींनी फोन धरला आणि रेग्युलेटर उपटून टाकला. फोनमध्ये काळे पट्टे सरकत होते; तो रेग्युलेटर म्हणे दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं चालूबंद करायचा.

"डोळ्यांना पट्टे दिसत नाहीत ना? मग झालं तर!"

"डोळ्यांना दिसून काय उपयोग, वहिनी?"

मी कपाळाला हात लावला. पुन्हा रेझिस्टर, पुन्हा सोल्डरिंग.

एका रविवारी तुमच्या व्हिडिओ कॉलच्या वेळेला भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून टाकीशेजारी उभे राहिले, तेव्हा मला उलगडा झाला. तिकडे तुम्हाला बिटकी फोनमधूनच दिसणार होती. आणि खरंच, पडद्यावर बिटकी अशी केशरी दिसत होती, की मीच बघत राहिले. नील, तू "कूल" म्हणालास आणि कानांवर हेडफोन चढवलेस. ईरा, तू समोर आलीच नाहीस. बाबा म्हणाले, "काका, मासे पुढच्या वेळी. आम्ही बाहेर निघालोय."

"रंग बरोबर गेला ना तिकडे?" भाऊजींनी मला विचारलं.

"अगदी बरोबर."

"नाही, निळा किंचित जास्त झाला असणार. त्यामुळे मुलांचं लक्ष गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या माळेचा रेझिस्टर बदलला. पुढच्या रविवारी दिवा लावून पुन्हा सदऱ्यात उभे. त्याच्या पुढच्याही. मासे दाखवा असं कुणी म्हटलं नाही. भाऊजींनी तक्रार केली नाही. बिटकी मेली, तेव्हा म्हणाले, "मुलांना कळवू नका, वहिनी. उगाच वाईट वाटेल."

वाटलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

भाऊजी श्रावणात गेले. टाकीत बिटकीची पिल्लं आहेत, तीही तिच्याच रंगाची. रविवारी तुमचा कॉल यायच्या आधी मी दिवा लावते. माझ्या मागे, भिंतीशी दिसतो तो. लाल माळ जराशी मंद झाली आहे. पट्टे अजूनही येत नाहीत.