उंबऱ्यातला नमस्कार

तपासनिसांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना पाठ होतं.

पत्र जुळाऱ्याचं होतं. दोघं एकाच छापखान्यात होते. जुळारी अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायचा आणि तपासनीस त्या ओळींचं मुद्रित, म्हणजे कच्चा छाप, समोर ठेवून चुका काढायचे. चूक सापडली नाही तरी ते समासात एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवत. मागाहून कोणी काही म्हणायला नको. छापखान्यात सगळे त्यांना तपासनीस म्हणत, आणि पुढे तेच नाव गल्लीतही चिकटलं. छापखाना बंद पडला तेव्हा जुळारी दूरच्या गावी गेला आणि तिथून त्यानं लिहिलं, 'इथे एक जुनं यंत्र मिळतंय. ये. दोघं मिळून लहानसा छापखाना काढू. हो म्हण, नाही म्हण, पण कळव.'

तपासनीस उत्तर लिहायला बसले. त्यांना हो म्हणायचं होतं. पण नुसतं हो कसं लिहायचं? आधी दोन दिवस उशीर झाल्याची क्षमा मागायला हवी. क्षमेचा मजकूर मनासारखा उतरेना, त्यात आठवडा गेला. मग त्या आठवड्याची क्षमा आली. असं करता करता उत्तराला इतका उशीर झाला की ते पाठवायचीच लाज वाटू लागली. एव्हाना यंत्र कोणीतरी नेलं असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी एक दिवस तो 'हो' लिहिलेला कागद टेबलाच्या खणात सरकवला.

आणि आता, नातवंडं व्हायच्या वयात, जुळाऱ्याचा मेल आला होता. टाइप केला होता त्याच्या मुलीनं, पण वाक्यं त्याचीच. सरळ, ठोकून बसवल्यासारखी. 'छापखान्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलंय. शेवटचं मुद्रित तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापावंसं वाटत नाही. शुक्रवारी छापायला द्यायचंय. तू हो म्हणालास तर थांबवतो. गुरुवारपर्यंत काही आलं नाही, तर या वेळीही तुला नकोय असं समजेन. मग पुन्हा विचारणार नाही.'

'या वेळीही' या दोन शब्दांशी तपासनीस बराच वेळ अडखळून राहिले. तो मंगळवार होता.

"मग फोन करून टाका ना, बाबा," सूनबाई म्हणाली. ती पलीकडच्या खोलीत घरांचे नकाशे काढायची आणि कॉम्प्युटरवरूनच गिऱ्हाइकांना पाठवायची. नवरा कामासाठी सतत फिरतीवर, त्यामुळे घरात बोलायला तिला सासरे आणि सासऱ्यांना ती, एवढंच.

"त्याला आता ऐकू येत नाही," तपासनीस म्हणाले. "आणि मला बोलता येत नाही."

"बरं, मी कळवू माझ्या मेलवरून?"

"छे छे! इतक्या वर्षांनी उत्तर द्यायचं, आणि तेही सुनेच्या हातून? तो म्हणेल, अजून हा तसाच आहे."

यावर सूनबाईचा चेहरा 'आहातच' असं स्पष्ट म्हणाला.

मंगळवार आणि बुधवारची सकाळ पत्र लिहिण्यात गेली. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल वाचायला तपासनीस शिकले होते. पाठवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पत्र एकदाचं पुरं झालं. त्यात क्षमा होती, कारणं होती, कारणांबद्दलची क्षमा होती, आणि अगदी खाली, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाहुण्यानं अंग चोरून बसावं तसा, एक 'हो' होता. त्यांनी 'पाठवा' दाबलं. त्यासरशी मेलच्या प्रोग्रॅमनं त्यांच्यासमोर रिकाम्या चौकटींनी भरलेलं एक पान उघडलं. पाठवायचं असेल तर आधी हे भरा.

बहुतेक चौकटी सोप्या होत्या. मेलचा पत्ता, पासवर्ड, झालंच तर अक्षराचा आकार. शेवटची चौकट मात्र वेगळी होती. 'सर्व्हरला सांगायची ओळख.' तिच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रिकामी ठेवली तरी चालेल.'

आता ज्या माणसानं समाससुद्धा कधी रिकामा ठेवला नाही, तो ओळखीची चौकट रिकामी कशी ठेवणार? शिवाय हा सर्व्हर म्हणजे पत्रं पोचवणारा. अनोळखी माणसाचं पत्र त्यानं का घ्यावं? तपासनिसांना हा प्रश्न फार रास्त वाटला. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'आपला नम्र, एक निवृत्त मुद्रिततपासनीस. प्रथमच त्रास देत आहे.'

पाठवलं. क्षणात लाल अक्षरांत उत्तर आलं. ओळख ग्राह्य नाही. नाकारले.

त्यांना आश्चर्य वाटलं असं काही म्हणता येणार नाही. हे कधीतरी कोणीतरी तोंडावर म्हणणार, याची त्यांना लहानपणापासून कल्पना होती.

त्यांनी विचार केला. ओळख अपुरी पडली असणार. त्यांनी छापखान्याचं नाव घातलं, तिथलं काम घातलं, तपासलेल्या दोनचार पाठ्यपुस्तकांचा संकोचानं उल्लेख केला. नाकारले. मग कोणाचा तरी हवाला द्यायला हवा, म्हणून सूनबाईचा दिला. तेही नाकारले. मग आधी तीनदा त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. नाकारले. शेवटी दमून ते उठले आणि जरा फेरी मारून येऊ म्हणून बाहेर पडले. चौकटीत त्या वेळी त्यांचा सगळ्यात लांबलचक परिचय होता, आणि कॉम्प्युटर चालूच होता.

तपासनीस दमले तरी प्रोग्रॅम दमत नाही. अडकलेलं पत्र तो थोड्या थोड्या वेळानं आपण होऊन पुन्हा पाठवून पाहतो. संध्याकाळभर, रात्रभर, तपासनीस झोपेत कुशी बदलत असताना, तो सर्व्हरच्या दारात जाऊन तोच परिचय तितक्याच नम्रपणे म्हणून दाखवत होता.

गुरुवारी सकाळी सूनबाई तणतणत बाहेर आली. "माझा एकही मेल जात नाहीये! आज संध्याकाळी नकाशा पोचला नाही तर ते काम दुसऱ्याकडे जाईल."

"माझ्या हातून काहीतरी झालं असावं," तपासनीस हळूच म्हणाले.

"बाबा, गेल्या महिन्यात गल्लीतली वीज गेली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता."

हे खरं होतं. आजवर घरात काहीही बिघडलं की तपासनीस आधी आपला गुन्हा कबूल करून मोकळे होत. त्यामुळे आज ते खरंच गुन्हेगार असताना त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ते परत बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात जिना धडधड वाजला आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. मास्क हनुवटीवर, हातात मोजे. घराची आणि दवाखान्याची इंटरनेटची वायर एकच, मेलची कंपनीही एकच.

"वहिनी, तुमचे मेल जातायत का हो? सकाळपासून एक एक्स-रे पाठवतोय, मोठ्या डॉक्टरांना विचारायला. जातच नाही. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय."

"आधी त्याला तोंड मिटायला तरी सांगून या!"

"सांगितलं असतं, पण भूल दिलीय. त्याला मिटलंय की उघडं, तेच कळत नाहीये." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "आणि हा निरोप पाहा, कंपनीचा. म्हणे या वायरीवरून कोणीतरी कालपासून सर्व्हरवर हल्ला करतंय. सबब सगळ्यांचे मेल बंद."

हल्ला! तपासनिसांनी उगाचच खिडकीकडे पाहिलं. मग ते खुर्चीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "सूनबाई, या खेपेला खरंच मीच."

"तुम्ही? हल्ला?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या वर्षी दाढ काढताना हेच गृहस्थ 'तुम्हाला त्रास होत नाहीये ना' असं त्यांना विचारत होते. "काका, तुम्ही जरा पाणी प्या."

सूनबाईनं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिनं पत्ता विचारला आणि काहीतरी पाहिलं. मग ती दबक्या आवाजात शेजारच्या कोणाला तरी म्हणाली, "अगं, ये लवकर. ते नम्र काका सापडले!"

"कोण नम्र काका?" सूनबाईनं विचारलं.

"अहो मॅडम, नाकारलेली प्रत्येक ओळख आम्हाला इथे दिसते ना. कालपासून आम्ही सगळ्या वाचतोय. पहिल्यांदा वाटलं व्हायरस आहे. पण व्हायरस इतकं शुद्ध लिहीत नाही." ती वाचू लागली. "'आपला नम्र, एक निवृत्त मुद्रिततपासनीस. प्रथमच त्रास देत आहे.' मग पुढचं. 'आधीच्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. आपणास इतरही कामे असतील.' आणि हे तर आमच्या साहेबांनी भिंतीवर लावलंय..."

"नको, ते नका वाचू," तपासनीस कासावीस होऊन म्हणाले.

"'माझ्याविषयी खात्री करून घ्यावयाची असल्यास माझ्या सूनबाईंना विचारावे. त्या तापट आहेत. पण या घरात माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे दुसरे कोणी नाही.'"

डॉक्टर हातमोज्यांची बोटं मोजू लागले. तपासनिसांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सूनबाई मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तापट हे सर्व्हरला सांगायची काय गरज होती?"

"खरं तेच सांगावं म्हटलं," ते पुटपुटले.

"काका," फोनमधून मुलगी म्हणाली, "तुम्हाला कोणी नाकारलेलं नाहीये. काय होतं, पत्र पाठवताना आधी तुमचं मशीन आमच्या मशीनला हॅलो म्हणतं आणि आपलं नाव सांगतं. मशीनचं नाव, हं. एका शब्दात. मग आमचं म्हणतं, बोला. मग पासवर्ड, मग पत्र कोणाला, आणि मग कुठे पत्र. तुम्ही त्या एका शब्दाच्या जागी सगळं चरित्र सांगताय. आमच्या मशीनला वाटतं, या नावाचं मशीन असूच शकत नाही."

"म्हणजे माझं पत्र त्यानं अजून पाहिलंच नाही?"

"पत्रापर्यंत आलाय कुठे तुम्ही? कालपासून उंबऱ्यातच उभे राहून नमस्कार करताय."

टेबलाच्या खणाकडे तपासनिसांची नजर गेली. कालपासून कसलं, त्यांना वाटलं. ही मुलगी जन्मली नसेल तेव्हापासून.

"मग आता तिथे काय लिहू?"

"काही नाही. रिकामी ठेवा. मशीन आपलं नाव आपणच सांगतं."

"आणि मी कोण, हे?"

"ते आमच्या सर्व्हरला नकोच असतं. ज्याला पत्र आहे, त्याला सांगा. मी वायर मोकळी करते, पण परत परिचय आला तर सर्व्हर ती आपोआप बंद करेल हं. आणि मग सोमवारपर्यंत मलाही काही करता येणार नाही."

फोन ठेवला. डॉक्टर "आलोच, पेशंट!" म्हणत जिन्यावरून पळाले. सूनबाईनं आपला नकाशा पाठवायचा सोडून खुर्ची ओढली आणि सासऱ्यांच्या शेजारी बसली.

तपासनिसांनी चौकट उघडली. इतका मेहनतीनं लिहिलेला परिचय पुसायचा म्हणजे अंगावरचा कोट काढून लोकांत उभं राहण्यासारखं होतं. एकेक शब्द करत त्यांनी तो मागून पुसत आणला. शेवटी 'आपला नम्र' एवढंच उरलं. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"तेही," सूनबाई म्हणाली.

चौकट रिकामी झाली.

मग त्यांनी पत्र वाचायला घेतलं, पहिल्या ओळीपासून, छापखान्यात वाचायचे तसं, ओठ न हलवता. हे पत्र दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांनी काय केलं असतं? त्यांना हसू आलं. पहिला परिच्छेद त्यांनी काढून टाकला. उशिराची कारणं काढली. त्या कारणांबद्दलची क्षमा काढली. सूनबाई श्वास रोखून बघत होती. शेवटी पडद्यावर उरलं ते एवढंच: 'हो. मुद्रित पाठव. त्या वेळीही हो असंच लिहिलं होतं.'

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "खाली नाव राहिलं की तुमचं."

तपासनिसांनी पाहिलं. खरंच राहिलं होतं. सर्व्हरला पानभर सांगितलेली ओळख पत्रात एका अक्षरानंही नव्हती. त्यांचा हात सवयीनं पुढे गेला, आणि मागे आला.

"राहू दे. ओळखेल तो."

"नक्की?" आज पहिल्यांदाच शंका सूनबाईच्या आवाजात होती.

"न ओळखायला काय झालं?" ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

काही क्षण काहीच झालं नाही. त्यांचं मशीन कुठेतरी दूरच्या मशीनला एका शब्दात आपलं नाव सांगत असावं. मग पडद्यावर एकच शब्द उमटला. 'पाठवले.'

तपासनिसांनी तो सवयीनं तपासला. चूक नव्हती.