सुमनवहिनींचा उभा फोटो

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते आलं की बाकीचे लोक हंडे-कळश्या घेऊन धावतात आणि भानुदासभाऊ गोरे भरलेल्या पिंपात डोकं बुडवून उभे राहतात. हातात घड्याळ, डोळे सताड उघडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना वाचवायला धावलो. भाऊंनी डोकं वर काढलं, मिशा निथळल्या आणि ते माझ्यावरच उखडले, "काय हो सर! पन्नासाच्या वर गेलो व्हतो. पार इस्कोट केला तुमी."

भाऊ मूळचे पाचोडचे. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो आणि लग्नाच्या स्थळांचे फोटो ही रोजची भाकरी. पण जीव अडकलाय समुद्रात. दिवाळीनंतर पाणी निवळलं की भाऊ मालवणच्या बाजूला जातात आणि खऱ्याखुऱ्या समुद्रात, पाण्याखाली, माणसांचे फोटो काढतात. संभाजीनगरात राहून समुद्राचा नाद करणं म्हणजे किती लांबचा नाद, हे नकाशा पाहिलेल्या कुणालाही कळेल. भाऊंनी नकाशा पाहिलेला नसावा.

एका हॉटेलवाल्याने त्यांना आपला पोहण्याचा तलाव देऊ केला. भाऊ त्याच्यावर महिनाभर नाराज होते. "तलाव म्हंजे मोठी बादली. तिथं माणूस पोज देतो. दर्यात लाट ढकलती, रेती उठती, ऊन हलतंय. पोज द्यायला टाइम कुठंय? हवेत माणूस लई खोटा हसतो, सर. पाण्यात खोटं हसलं का नाकात पाणी जातं." हे शेवटचं वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलंय.

पासपोर्टच्या फोटोला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते श्वास धरायला लावतात. "गाल फुगवू नका, थोडी हवा सोडा, आता बघा माझ्याकडं." एका वकीलसाहेबांचा फोटो असा आला की त्यांच्या घरच्यांनीच तो ओळखला नाही.

एकदा भाऊंनी डोळ्यांना समुद्राची सवय व्हावी म्हणून पिंपात मीठ ओतलं. पिंप त्यांच्या आणि आमच्या घराच्या मधोमध, पाणी सामाईक. आमच्या हिने त्याचाच चहा करून माझ्या साडूंना दिला. साडू सभ्य गृहस्थ, अर्धा कप प्यायले आणि "वेगळी चव आहे" म्हणाले. त्यानंतर ही भाऊंना काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पुढचा आठवडाभर भाऊंनी खांद्यावरून कळश्या वाहून आमचं पाणी भरलं. भरता भरता मला हळूच म्हणाले, "पन डोळे चुरचुरायचे थांबले, सर."

हे सगळं खूळ कशासाठी, ते मला सुमनवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने सांगितलं. वहिनींना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय आखूड, चालायला काठी लागते.

"माझा स्थळाचा फोटो ह्यांनीच काढला," शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसवून. तिकडून निरोप आला, उभा फोटो पाठवा. आमच्या दादांनी मान खाली घातली. हे म्हनले, उभा नाय मिळनार. अन् आठ दिसांनी सोताच मागनी घालाया आले."

वहिनी हसल्या आणि लगेच थांबल्या. "तवापून फोटोला उभी नाय राह्यले. पोरीच्या लग्नातबी खुर्चीतच."

भाऊंना तो एकच फोटो हवा होता. पाण्यात माणसाला वजन राहत नाही, काठी लागत नाही, हे कळल्या दिवसापासून ते वहिनींना विनवत होते आणि वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं, "पान्यात गेलं तरी पाय तोच राहील ना?" मग भाऊ दुसऱ्या कुणाला तरी बुडवायला समुद्रावर जायचे.

गेल्या हिवाळ्यात नळ आल्या दिवशी पिंपापाशी पाहतो तो डोकं बुडवून वहिनी उभ्या! भाऊ शेजारी घड्याळ धरून नुसते ओठ हलवत मोजत होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी पाय न वाजवता घरात गेलो.

मालवणला मला मदतनीस म्हणून नेलं. काम एकच: कॅमेऱ्याच्या डब्याच्या रबरी कड्यावर केस चिकटलेला नाही ना, ते पाहायचं. केसभर फट राहिली तरी पाणी शिरतं. मी ते कडं चष्मा लावून सात वेळा पाहिलं.

पुरुषभर पाणी, दहाचं ऊन. वहिनींनी पिवळी साडी नेसली होती, तरंगू नये म्हणून कमरेला शिशाचा पट्टा. होडीवाल्याने त्यांना अलगद पाण्यात उतरवलं. पहिल्या खेपेला गाल पुरीसारखे फुगले. दुसऱ्या खेपेला लाटेने पदर तोंडावर आणला. "राहू द्या आता," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. भाऊंचा चेहरा पडला. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आपणच खाली गेल्या.

दोघं वर आले आणि होडीची कड धरून भाऊंनी कॅमेऱ्याचा पडदा आमच्यापुढे केला. वहिनी सरळ उभ्या होत्या. डावा पाय रेतीच्या चार बोटं वर होता, तो लपलेला नव्हता आणि तरी त्या सरळ उभ्या होत्या, थेट समोर बघत, थोड्या हसत. नाकात पाणी गेलेलं दिसत नव्हतं.

वहिनी खूप वेळ पाहत राहिल्या.

"चल वर, गारठशील," भाऊ म्हणाले. आवाज चांगलाच ओला होता.

"थांबा की. अजून एकदा जाते. फोटो नका काढू. नुसती उभी राहते."

भाऊंनी कॅमेरा माझ्या हातात दिला, वहिनींचा हात धरला आणि दोघं खाली गेले. मी होडीत बसून होतो, मांडीवर कॅमेरा, हातात वहिनींची काठी, आणि भाऊंच्या सवयीने आकडे मोजत होतो. दोघांनाही वर यायची घाई दिसत नव्हती.